बाळाच्या शीमध्ये रक्त: डॉक्टर म्हणाले ‘दूध बंद करा’, पण कुणाचं?

गोदाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री २:१०

लेक आत्ता कुठे मांडीवर झोपलीय. एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांची आहे. मी बाळंतपणाला माहेरी, जुन्या नाशकात दूधबाजाराच्या मागे. सासर पुण्याचं. जन्माचं वजन २ किलो ९००, काल भरलं ३ किलो ६५०. फक्त अंगावर पितेय, वरचं काही नाही (आईने माझ्या नकळत गुटी चाटवली असेल तर देव जाणे). गेल्या आठवड्यापासून शीमध्ये शेंबडासारखं चिकट पडत होतं. आई म्हणाली कफ पडतोय, बरंच आहे. परवा दुपारी लंगोट बदलताना पिवळ्या शीवर लाल दोरा दिसला. मला वाटलं लंगोटाचाच दोरा सुटलाय, काढायला बोट लावलं तर तो पसरला. त्या दिवसात तीनदा तसं झालं.

बाकी ताप नाही, पोट मऊ, दिवसाला सात-आठ लंगोट ओले. संध्याकाळी सहा ते नऊ मात्र पाय पोटाशी घेऊन किंचाळते.

काल डॉक्टरांकडे नेलं. बाहेर पन्नास माणसं, आत तीन मिनिटं. म्हणाले, “दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी दिसतेय. दूध बंद करा, दोन आठवड्यांनी दाखवा.” रिक्षातच आईचं आणि माझं भांडण. आई म्हणते अंगावरचं बंद करायला सांगितलंय. खालच्या मेडिकलवाल्याने तर न मागता पावडरचा डबा पुढे केला. मला वाटतं माझ्या खाण्यातलं दूध म्हणाले असतील. नवरा फोनवर म्हणतो लॅक्टोज इनटॉलरन्स असेल, त्याच्या ऑफिसात दोघांना आहे. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. तोवर कुणाचं दूध बंद करू?

रानजाई | ८ ऑगस्ट, सकाळी ६:४५

अगं थांब, तो डबा फोडू नकोस. पाजणं चालू ठेव, दूध बंद करायचंय ते तुझ्या ताटातलं.

माझ्या मुलाला तिसऱ्या आठवड्यात हेच झालं होतं, आता साडेतीन वर्षांचा आहे आणि ताकाचा तांब्या एकटा संपवतो. मीही नाशकातलीच, गंगापूर रोडला. आपण जे खातो-पितो त्यातलं गाईम्हशीच्या दुधाचं प्रोटीन थोडंसं आपल्या दुधात उतरतं आणि काही बाळांच्या आतड्याला ते सोसत नाही, असं मला तेव्हा समजावलं होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. बाळंतिणीच्या खाण्यातलं दूध बंद करणं म्हणजे काय, हे आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. सकाळी शतावरी कल्प, तो दुधात. दहा वाजता अळिवाची खीर, ती दुधात. डिंकाचा लाडू तुपात थबथबलेला. जेवताना भातावर तुपाची धार, वर ‘दूध यायला हवं ना’ म्हणून रात्री खसखशीची खीर. मी एक दिवस मोजलं, सात वेळा दूध किंवा तूप पोटात जात होतं. आणि प्रत्येक वाटीमागे कुणीतरी प्रेमाने उभं. नाही म्हटलं की डोळ्यांत पाणी.

काय खायचं ते विचारशील म्हणून: भाकरी, आमटी, पालेभाज्या, उसळी, अंडं (आधी फक्त दूध बंद करून बघ, सगळं एकदम नको), मटणाचा रस्सा, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, नाचणीची आंबील पण ताक न घालता. चहा कोरा, त्याची सवय होते. मिसळ खायचीच झाली तर सोबतची दह्याची वाटी समोरच्याकडे सरकवायची. पनीर, चीज, बटर, मावा, श्रीखंड, पेढे, कढी, आइस्क्रीम सगळं बाद. बिस्किटं आणि ब्रेडची पाकिटं वाचायची. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन यातला एक जरी शब्द दिसला तरी पाकीट परत फळीवर.

थर्मामीटर | ८ ऑगस्ट, सकाळी ८:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस करतो. बाळाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. रानजाई बरोबर सांगतायत. तुमच्या डॉक्टरांनाही बहुधा तेच म्हणायचं असणार. फक्त ‘तुमच्या जेवणातलं’ एवढा एक शब्द राहून गेला आणि आमच्या धंद्यात तो एक शब्द फार महागात पडतो. डबे सुरू झालेली किती बाळं पुन्हा अंगावर येतच नाहीत.

तुमच्या वर्णनावरून हा अ‍ॅलर्जिक प्रोक्टोकोलायटिस नावाचा प्रकार वाटतो, म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आलेली सूज. पहिल्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही दिसतो. बाळ एरवी खुशाल, वजन वाढतंय, फक्त शीमध्ये आव आणि रक्ताची रेघ. दिसायला भयंकर, प्रत्यक्षात सौम्य. बहुतेक बाळांचा वर्षाच्या आत आपोआप सुटतो.

लॅक्टोजबद्दल: ती दुधातली साखर. तुम्ही गाईचं दूध प्या किंवा पिऊ नका, तुमच्या दुधात साधारण सात टक्के लॅक्टोज असणारच, ते तुमचं शरीर स्वतः बनवतं. जन्मतःच लॅक्टोज न पचणारं बाळ अत्यंत दुर्मीळ. मिस्टरांच्या ऑफिसातल्या दोघांचा आणि तुमच्या लेकीचा काही संबंध नाही. इथे भांडण प्रोटीनशी आहे. गाईच्या दुधातल्या प्रोटीनचा सुमारे ८० टक्के भाग केसीन, उरलेलं व्हे. त्या व्हेमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन माणसाच्या दुधात नसतंच. आईने दूध प्यायल्यावर त्याचा अगदी सूक्ष्म अंश अंगावरच्या दुधात सापडतो.

आता जे वाचून थांबायचं नाही, उठून दवाखाना गाठायचा, ते. हिरवी उलटी. पोट फुगून टणक. बाळ मलूल, प्यायला उठत नाही. लंगोट ओले होणं कमी. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. रेघ नाही तर भरपूर रक्त, किंवा जेलीसारखी लालकाळी शी आणि थांबून थांबून कळवळणं. बेंबीतून किंवा नाकातूनही रक्त, विशेषतः जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद नसेल तर. यातलं काहीही असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार नंतर. आणि सोमवारी बाळाची शी करण्याची जागा नीट उजेडात तपासायला सांगा, तिथे चीर असली तरी रक्त येतं.

आज्जी६७ | ८ ऑगस्ट, सकाळी ११:०५

चार बाळंतपणं स्वतःची, सहा लेकीसुनांची केली. आमच्या वेळी असली अ‍ॅलर्जी नव्हती. बाळाला आव पडली की बाळंतशोपा आणि वावडिंगाचं पाणी बाळंतिणीला, आठ दिवसांत साफ. तुम्ही बाळंतिणीचं दूधतूप तोडणार, मग तिची कंबर कोण भरून देणार? डॉक्टरसाहेब, रागावू नका, विचारतेय.

थर्मामीटर | ८ ऑगस्ट, दुपारी १:४०

आजी, रागवायचं काय, प्रश्न रास्त आहे. तुमच्या वेळीही होती, नाव नव्हतं. आव पडायची, बाळ मोठं व्हायचं, आव थांबायची, श्रेय वावडिंगाला. सौम्य आजाराचं असंच असतं. त्याला कुठलंही औषध लागू पडतं, आमचीसुद्धा.

कंबरेचं मात्र खरं आहे. पाजणाऱ्या आईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध तोडलं तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी च्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्याच. ताटात नाचणी (१०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम), तीळ, राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला. बाळाला व्हिटॅमिन डी चे थेंब, रोज ४०० युनिट, ते तर अ‍ॅलर्जी नसलेल्या बाळालाही.

गोप्रेमी | ८ ऑगस्ट, दुपारी ३:१५

पिशवीचं दूध बंद करा, प्रश्न मिटेल. देशी गाईचं ए-टू दूध ताईंनी घेतलं तर काही होणार नाही. नाहीतर शेळीचं. आमच्याकडे मखमलाबादला मिळतं, पत्ता देतो.

थर्मामीटर | ८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

पत्ता नको. ए-वन आणि ए-टू हा केसीनच्या एका प्रकारातला बारीक फरक. बाकीची केसीनं आणि व्हेमधली प्रोटीनं देशी गाईच्या दुधातही तीच. म्हैस गाईची सख्खी चुलतबहीण आहे. शेळीचंही तसंच, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही सोसत नाही. दूध देशी आहे की डेअरीचं, सेंद्रिय आहे की नाही, याने इथे काही फरक पडत नाही.

लिंबूटिंबू | ९ ऑगस्ट, रात्री १२:५०

मी दुसऱ्या बाजूची. वाचून घ्या, कारण हे कुणी सांगत नाही.

माझ्या बाळाला रक्त वगैरे काही नव्हतं. फक्त रडणं. एका ग्रुपवर सांगितलं ‘हिडन अ‍ॅलर्जी’ असेल. मी दूध सोडलं, मग गहू, मग अंडी, शेंगदाणे, डाळी, टोमॅटो, वांगी. दीड महिन्यात मी भात, दुधी आणि मीठ यावर आले. वजन सात किलो उतरलं, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले. बाळ तेवढंच रडत होतं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी मला आधी जेवायला बसवलं. अक्षरशः, त्यांच्या डब्यातली पोळीभाजी. म्हणाल्या हे पोटदुखीचं रडणं आहे, तीन-चार महिन्यांत थांबेल. साडेतीन महिन्यांत थांबलं.

तर आधी एकच पदार्थ. आणि त्याने काही होत नसेल तर तो पदार्थ परत ताटात.

थर्मामीटर | ९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

वरचा प्रतिसाद मी दवाखान्यात चिकटवणार आहे. १९५४ पासून आम्ही तीनचा नियम शिकतो: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणारं पण एरवी धडधाकट बाळ म्हणजे कोलिक. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते कळसाला जातं. गोदाकाठ, तुमची लेक नेमकी त्या वयाची आहे. तेव्हा दूध सोडल्यावर रडणं थांबलं का हे बघत बसू नका, ते कदाचित नाहीच थांबणार. शी बघा.

आशाताई_निफाड | ९ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी आशा (गावातली आरोग्य स्वयंसेविका) आहे. बाळ घरी आलं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आमची फेरी असते, त्यामुळे लंगोट मी रोज बघते म्हटलं तरी चालेल. दरवेळी रक्त म्हणजे रक्तच नसतं. पहिल्या चार दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसतो, ते लघवीतले कण असतात, त्यानंतरही दिसत राहिले तर दूध कमी पडत असेल. मुलींना पहिल्या आठवड्यात खालून थोडं रक्त जातं, आईच्या हार्मोनमुळे. एकीचं बाळ रक्ताची गुळणी टाकायचं, घरात रडारड. बघितलं तर आईच्या स्तनाग्राला चिरा, तेच रक्त बाळ गिळत होतं. बाळाला नीट धरायला शिकवलं, चिरा भरल्या, गुळणी बंद.

आणि त्या डब्यांचं. अ‍ॅलर्जीच्या बाळांचे जे खास डबे येतात, प्रोटीन बारीक तोडलेले, त्यातला एक म्हणजे द्राक्षबागेत जाणाऱ्या बाईची काही दिवसांची मजुरी. मग ते पाणी जास्त घालून पुरवतात. अंगावरचं दूध सुटू देऊ नका हो, आमच्याकडे त्याला पर्यायच नसतो. तसंही १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात बंद आहे, मेडिकलवाल्याने न मागता पुढे करायचं कारणच नाही.

आजींनी गुटीचं काढलं नाही, पण बाळाला मध चाटवत असतील कुणी तर वर्षाच्या आत नको. त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा आजार) होतो, दुर्मीळ आहे पण जिवावरचं आहे.

गोदाकाठ | १२ ऑगस्ट, दुपारी ४:००

डॉक्टर आले गावाहून. फोनवर सरळ विचारलं, कुणाचं दूध? ते हसले आणि म्हणाले, “अहो, तुमच्या खाण्यातलं! पाजणं कशाला बंद करताय?” मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटत होती. मग नेऊन दाखवलं, चीर नाहीये, तेही तपासून घेतलं.

आठ तारखेच्या सकाळपासून माझं दूध बंद आहे. वहिनीचे भाऊ लॅबमध्ये असतात, ते म्हणतात नव्वद पदार्थांची अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी आहे, सवलतीत करून देतो. करू का? एवढ्याशा जिवाची शीर शोधायची म्हणजे माझ्याच पोटात गोळा येतो.

थर्मामीटर | १२ ऑगस्ट, रात्री ८:४५

नका करू. ती तपासणी आयजीई नावाच्या अँटीबॉडीची. तो प्रकार वेगळा: दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, धाप. तसं कधी झालं तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही. तुमच्या लेकीचा प्रकार आयजीईचा नाही, तो तासांनी नाही तर दिवसांनी उमटतो. त्यात ही तपासणी कोरी येते, किंवा भलत्याच सात पदार्थांवर खुणा येतात आणि तुम्ही ‘लिंबूटिंबू’ होता. यात खरी तपासणी एकच, पदार्थ बंद करून बघणं आणि परत घेऊन बघणं.

गोदाकाठ | १५ ऑगस्ट, सकाळी ६:२०

आठवा दिवस. चार दिवस शी स्वच्छ पिवळी होती, मोहरीच्या दाण्यांसारखी. काल दुपारी पुन्हा लाल दोरा. मी खरंच काही खाल्लेलं नाही हो. चहासुद्धा कोरा. मग काय, माझं दूधच विष आहे का तिला?

रानजाई | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५५

असलं काही लिहू नकोस. वही घे आणि परवापासून तोंडात गेलेला प्रत्येक घास लिही. पोळीसुद्धा.

गोदाकाठ | १५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सापडलं. सांगायचीसुद्धा लाज वाटते.

मंगळवारी मावशी निफाडहून आली होती. बाळंतिणीला म्हणून दशम्या घेऊन. ज्वारीच्या, मऊसूत, तिळाच्या कुटाबरोबर मी चार खाल्ल्या. खाताना म्हटलंसुद्धा, मावशी, किती मऊ झाल्यात गं! आत्ता वहीत ‘दशमी’ लिहिलं आणि हात थांबला. दशमीचं पीठ दुधात भिजवतात. दुधात भिजवतात म्हणूनच ती दशमी, नाहीतर भाकरी. तीस वर्षं खातेय आणि डोक्यात आलं नाही.

मग घर झडती झाली. आई रोजची कणीकसुद्धा वाटीभर दूध घालून मळत होती, “तुला चावायला त्रास होऊ नये म्हणून.” ती म्हणते, तू दूध पिऊ नको म्हणालीस, कणकेचं कुठे म्हणालीस.

आज्जी६७ | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

अगं पोरी, तुझ्या आईला बोलू नकोस. तिचं चुकलं नाही, आमच्या हाताला तीच सवय. मी तीन रात्री विचार करतेय, सांगू का? अळिवाचे लाडू मुळात दुधातले नव्हेतच. अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचं, जायफळ, झालं. दुधाचा थेंब नाही. खीर ही नंतरची चैन. डिंक तुपाऐवजी घाण्याच्या शेंगदाणा तेलात फुलतो, मंद आचेवर, थोडा थोडा टाकायचा. खारीक, खोबरं, गूळ आहेच. काल करून पाहिले. तुपाची चव नाही, पण वाईट नाहीत. शतावरी नारळाच्या दुधात दे म्हणावं.

थर्मामीटर | १५ ऑगस्ट, दुपारी २:००

आजी, दंडवत. तुपाचं विचाराल म्हणून सांगतो. तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश, पण घरी कढवलेल्या तुपात बेरीचे कण उतरतात आणि बेरी म्हणजे दुधाचं प्रोटीनच. हे काही आठवडे तूपही नको, नंतर परत सुरू करताना पहिला नंबर त्याचा लावता येईल.

गोदाकाठ, तुमचं दूध विष नाही. प्रोटीन अंगावरच्या दुधातून काही दिवसांत ओसरतं, सुजलेलं आतडं भरायला मात्र आठवडा-दोन आठवडे जातात. आजपासून पुन्हा पहिला दिवस धरा. दोन ते चार आठवड्यांतही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांशी बोलून सोया, मग अंडं असं एकेक. पाकिटावर खाली अ‍ॅलर्जीची वेगळी ओळ असते, २०२० च्या लेबलच्या नियमांनी ती सक्तीची आहे. दूध असेल तर तिथे लिहावंच लागतं.

सिन्नरचा_वारा | १६ ऑगस्ट, रात्री ११:२०

बाप लोक वाचत असतील तर एक. आमच्या पोराचं वेगळं निघालं. चौथ्या महिन्यात बायकोला कामावर जायचं म्हणून पहिल्यांदा पावडरचं दूध दिलं. दोन तासांनी उलट्या सुरू, आठ-नऊ झाल्या. पोरगं पांढरंफटक पडलं, मान टाकली. ताप नाही, पुरळ नाही. पहिल्या ठिकाणी ‘फूड पॉयझनिंग’ म्हणून सलाईन लावलं. बरं वाटल्यावर आठवड्याने आम्ही शहाण्यांनी पुन्हा तेच दूध दिलं, पुन्हा तेच. मग एका डॉक्टरांनी ओळखलं, त्याला एफपायस म्हणतात, अन्नातल्या प्रोटीनने आतडं असं बिथरतं. हे घरी ‘परत देऊन बघू’चं काम नाही. आता धड आहे.

थर्मामीटर | १७ ऑगस्ट, सकाळी ७:००

हो. त्यात उलट्या साधारण एक ते चार तासांनी सुरू होतात, आणि दूध-सोयाबरोबर तांदूळही त्यातलं एक नेहमीचं कारण आहे, जो आपण ‘हलका’ म्हणून पहिला देतो. असं झालेलं मूल पुन्हा आजमावायचं तर दवाखान्यात, सलाईनची सोय ठेवून.

गोदाकाठ | २७ ऑगस्ट, दुपारी ३:३०

बारा दिवस झाले. २० तारखेनंतर एकही रेघ नाही. आव पण नाही. काल गोकुळाष्टमी, आज गल्लीत दहीहंडी, आणि दूधबाजारात राहून मी काल्याच्या प्रसादाला हात जोडून परत पाठवलं. वजन ४ किलो ३००. रडणं जैसे थे, सहा ते नऊ, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

आता डॉक्टर म्हणतात गणपतीनंतर मी दूध परत घेऊन बघायचं. आई म्हणते सुखातला जीव दुःखात कशाला? या वेळी मलाही आईचं पटतंय.

लिंबूटिंबू | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

घे. मी तेव्हा परत घेऊन बघितलं असतं तर सात किलो वाचले असते.

थर्मामीटर | २७ ऑगस्ट, रात्री ९:००

आईंना सांगा, रक्त आपोआप थांबलं असण्याची शक्यता आहे. कित्येक बाळांचं काहीही न करता थांबतं. तसं असेल तर तुम्ही विनाकारण वर्षभर कोरा चहा प्याल, आणि पुढे मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरही ‘दुधाची अ‍ॅलर्जी’ लिहिलं जाईल. तुमच्या बाळाला उलट्या, गांधी, मलूलपणा असं काही कधीच नव्हतं, म्हणून हे घरी करता येतं. रोज नेहमीसारखं दूधदही, आठवडाभर. रेघ दिसली की त्या क्षणी बंद. एखाद्या रेघेने बाळाचं नुकसान होत नाही.

गोदाकाठ | १३ सप्टेंबर, रात्री १:४५

मंगळवारी सकाळी वाटीभर दही खाल्लं. महिन्याभराने. रडायचीच बाकी होते, इतकं छान लागलं. दुपारी दुधाचा चहा, रात्री परत दही. बुधवार दुपारपर्यंत काही नाही, आई माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेने बघतेय. संध्याकाळी आव. काल पहाटे पाचला लाल दोरा. ओळखीचा.

आईने तो लंगोट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ बघत राहिली. काही बोलली नाही. मग माझ्यासाठी कोरा चहा टाकला आणि स्वतःलाही कोराच घेतला.

रानजाई | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

❤️ तेवढ्यासाठी तरी ते दही सत्कारणी लागलं.

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:००

धागा वर काढतेय. लेक चार महिन्यांची झाली, वजन ६ किलो १००. रडणं कधी थांबलं कळलंच नाही, एका संध्याकाळी साडेसात वाजता घर शांत का आहे म्हणून मीच दचकले. पुन्हा बंद केल्यापासून रक्त नाही. डॉक्टर म्हणतात वर्षाच्या आसपास तिला थेट दूध द्यायच्या आधी मी घेऊन बघायचं, मग तिला भाजलेल्या पदार्थातून थोडं थोडं.

परवा पुण्याला निघतेय. आईने सासूबाईंसाठी यादी करून दिलीय, माझ्या हातात न देता पिशवीत घातली होती, आत्ता सापडली. तिच्या अक्षरात, वहीच्या पानावर: दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, टोस्ट, दशमी (दशमीखाली दोन रेघा), कणकेत दूध नाही. सगळ्यात खाली, ‘बाळाचं अंगावरचं दूध मात्र चालू.’

एकच प्रश्न राहिला. जानेवारीत उष्टावण. सासरी चांदीच्या वाटीत खीरच लागते.

आज्जी६७ | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

तांदळाची रव्याएवढी भरड, नारळाचं दूध, चिमूटभर वेलची. बाळाच्या वाटीत गूळ घालू नकोस, आणि त्याआधी दोन-चार दिवस घरातच नुसती पेज चमचाभर देऊन बघ, कार्याच्या दिवशी पहिल्यांदा नको. सासूबाईंना म्हणावं आमच्या नाशकात अशीच करतात.